उजवा खांदा

माझा भाऊ इलाल्मिश बेय याची गाणी तुम्ही ऐकली असतील. शाहीर ती तंबूतंबूतून म्हणत फिरतात. कारासू नदीच्या उतारावरची लढाई आली की त्यांचा गळा दाटून येतो. येऊ दे म्हणावं. त्या लढाईत मेंढ्याचा एक खांदा होता, तो मात्र कुणी गात नाही. तो खांदा मी शिजवला, मी नेला, आणि त्याचं पुढं जे झालं ते आठवलं की या वयातही माझे कान तापतात.

तेव्हा नीट बसा. मध्येच काही विचारायचं असलं तर विचारा. शाहिरांनी सांगितलेलं तेवढं डोक्यातून काढून टाका.

इलाल्मिश म्हणजे आमच्या बोलीत 'ज्यानं मुलूख घेतला तो'. हे नाव ठेवलं तेव्हा आमच्याकडे मुलूख सोडाच, धड तंबूही नव्हता. आमचे वडील मंगोलांशी लढताना मधल्या फळीत मारले गेले. उजवी फळी वेळेवर पोचली नाही, म्हणून मारले गेले. आई त्या थंडीतच गेली. मी लहानग्या इलाल्मिशला माझ्या कमरपट्ट्यानं खोगिरावर पुढ्यात बांधलं आणि डोंगर ओलांडला. वाटेत तो मला चावायचा. भूक लागली की मागायचा नाही, चावायचा. माझ्या मनगटावर अजून वण आहे, बघा.

सुंगुरनं मला मागणी घातली तेव्हा मी म्हटलं, "येते, पण हा चावरा माझ्याबरोबर येईल." सुंगुर हसला. त्याचं कूळ मोठं, घोडे भरपूर, आणि लढाईत उजवी फळी पिढ्यान्पिढ्या त्यांचीच. त्यानं इलाल्मिशला धनुष्य शिकवलं, घोड्यावरून वळून मागे बाण सोडायला शिकवलं. पोराला मिसरूड फुटली तेव्हा सगळ्या कुळांच्या वडीलधाऱ्यांनी त्याला पांढऱ्या लोकरी नमद्यावर बसवून चारी कोपऱ्यांनी वर उचललं आणि बेय, म्हणजे सगळ्या कुळांचा धनी, केलं. एक कोपरा सुंगुरच्या हातात होता. त्याच वर्षी आम्ही रूमी, म्हणजे ख्रिस्ती, किल्लेदाराकडून अक्चाहिसारचा किल्ला घेतला. माझा भाऊ दोर लावून सगळ्यात आधी तटावर चढला. ते गाण्यात आहे, आणि ते खरं आहे. शूर तो होताच. शूर नाही असं मी कधी म्हणणार नाही.

आता हाडांचं ऐका. ते नीट कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्यात मेंढा कापला की कुणाच्या पुढ्यात कोणतं हाड जायचं ते पणजोबांच्या आधीपासून ठरलेलं आहे. डाव्या फळीच्या कुळाला डावा खांदा. उजव्या फळीच्या कुळाला उजवा. कुणाला मांडी, कुणाला बरगडी. बेयनं आपल्या हातानं ते हाड पुढ्यात ठेवायचं. समोरच्यानं कमरेची सुरी काढून त्यातला पहिला तुकडा कापून खायचा. मग बोलावं लागत नाही. मी तुझा, तू माझा, आणि लढाईत माझी जागा ही, एवढं सगळं त्या घासात येतं. ज्याच्या पुढ्यात कुळाचं हाड, त्याच्यामागे कुळाचे घोडे.

किल्ला हातात आला आणि माझ्या भावाला दगडी भिंती आवडायला लागल्या. पूर्वी उन्हाळी कुरणांवर तो आमच्याबरोबर ताक पीत बसायचा. आता तो गादीवर बसायला लागला. सुलतान राहतात त्या कोन्याहून त्यानं एक कारभारी आणला, शिहाबुद्दीन नावाचा. त्याची दाढी इतकी विंचरलेली असे की माशी बसली तर घसरावी. सुलतानांच्या दरबारात कोण कुठं बसतं, कोण किती वाकतं, हे तो शिकवायचा. सिवासच्या बाजारातून विकत घेतलेले स्वार आले. त्यांना ना कूळ, ना हाड. जो खायला घालील तो त्यांचा धनी.

आणि माझा यागमुर, माझा एकुलता एक मुलगा, मामाकडे राहायला गेला. मामाच्या झेंड्याला लागून त्याचा घोडा, मधल्या फळीत. लोक म्हणायचे, केवढा मान! मला मान दिसत नव्हता. सगळे बाण झेंड्याच्या दिशेनं येतात आणि बगलेची फळी आली नाही तर मधले भरडले जातात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्या भरडलेल्याची मुलगी होते.

शरद ऋतूत, कळप खाली उतरल्यावर, मोठी मेजवानी असते. त्या वर्षी ती किल्ल्यात झाली. आम्ही बायका पडद्यामागे, दाराशी बसलो होतो. पुरुष आपापल्या जागी बसले, सवयीनं सगळ्यांनी सुऱ्या काढून मांडीवर ठेवल्या. थाळ्या आल्या. भात होता. त्यात जर्दाळू होते, बदाम होते आणि बारीक खिमा केलेलं मटण. हाड एकही नाही.

कुणी हात लावेना. डाव्या फळीचा म्हातारा, उमूर आजा, बोटानं भात उकरत म्हणाला, "मेंढा पोहत आला की काय रे? हाडं वाटेत बुडाली वाटतं!"

लोक हसले. कारभारी हसला नाही. "सुलतानांच्या दरबारात असंच वाढतात, आजोबा. सगळ्यांना सारखं."

"सारखं?" सुंगुर म्हणाला. "म्हणजे ज्याचे भाऊ उजव्या फळीत कापले गेले त्यालाही एवढंच, आणि परवा सिवासच्या बाजारात गिऱ्हाइकाला दात दाखवत उभा होता त्यालाही एवढंच?"

"भावोजी," इलाल्मिश गादीवरून म्हणाला, "भात थंड होतोय."

"माझं हाड कुठंय, इलाल्मिश?"

"बेय म्हणा."

सुंगुरनं मांडीवरची सुरी उचलली. कोरडी, चकचकीत सुरी. त्यानं ती म्यानात सारली आणि तो उठला. कोरडी सुरी म्यानात घालणं म्हणजे तुझं अन्न मी खाल्लं नाही, तुझं माझं काही देणंघेणं नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्याच्यामागून उजव्या फळीचे सगळे उठले. पडद्यामागून मीही उठले. माझा यागमुर मामाच्या गादीजवळ उभा होता. तो जागचा हलला नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक.

अशी बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. कारासूच्या पलीकडचा तोगान बेय कित्येक वर्षं आमच्या कुरणांवर डोळा ठेवून होता. अक्चाहिसारची उजवी फळी उठून गेली म्हटल्यावर त्यानं नगारे बाहेर काढले. त्याचे घोडे नदीच्या उताराकडे, जिथं पाणी उथळ आहे तिथं, निघाल्याचं मेंढपाळांनी येऊन सांगितलं, तशी मी खोगीर घातलं आणि किल्ल्यावर गेले.

"अक्का, बस," भाऊ म्हणाला.

"बसायला आले नाही. तोगान येतोय. सुंगुरचं हाड दे आणि मोकळा हो."

"म्हणजे हाडासाठी आलीस."

"माझ्या पोरासाठी आले! उजवी फळी नाही आणि पोरगं तुझ्या झेंड्याखाली. आपला बाप कसा गेला ते विसरलास?"

तो उठला, खिडकीपाशी गेला. "अक्का, त्यांना वाटतं मुलूख सगळ्यांचा आणि मी नुसता मांस वाटणारा. सुंगुरला उजवा, उमूरला डावा. जणू मी वाढपी! तटावर पहिला मी चढलो. छातीत बाण मी घेतला. किती दिवस वाढपी राहू?"

"वाढप्याच्या हातानं लोक खातात तरी. तुझ्या हातचं परवा कुणी खाल्लं नाही."

"मग येऊन माझ्या झग्याचा काठ चुंबायला सांग त्याला. मग बघू."

"ज्यानं तुला खोगिरावर धरून बसवलं तो तुझ्या झग्याला ओठ लावील?"

"बेयच्या झग्याला," तो म्हणाला.

मी यागमुरकडे वळले. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता. "चल घरी."

"आई, लढाईच्या तोंडावर? मामाच्या झेंड्याजवळची जागा सोडून? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, जिवंत आहे."

त्यानं मान खाली घातली. त्याची हनुवटी अगदी त्याच्या बापासारखी. त्या हनुवटीशी बोलून उपयोग नसतो हे मला माहीत होतं.

घरी आले तर सुंगुर तंबूबाहेर बसून लगामाला चरबी चोळत होता. इतक्या रागानं चोळत होता की कातडं फाटलं असतं.

"काय म्हणाला तुझा सुलतान?"

"तू काय म्हणणार आहेस ते सांग. यागमुर मधल्या फळीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग एक हाड. त्यानं आपल्या हातानं दिलेलं. मी मुलूख मागत नाही, लूट मागत नाही."

"हाडासाठी पोरगं घालवशील?"

त्यानं लगाम खाली टाकला. "हाड सोडलं तर पोराला मी काय देऊन जाऊ? उद्या त्याला कूळ नाही, जागा नाही. सिवासवाल्यांच्या रांगेत उभा राहील, आणि मामाच्या मनात आलं की बाजूला होईल. मी टेकडीवर घोडे घेऊन उभा राहतो. उताराच्या अगदी वर. हाड आलं तर उतरेन. नाही आलं तर नाही."

"आणि डोळ्यांसमोर पोराला कापलं तर?"

त्यानं लगाम उचलला आणि तो पुन्हा चोळायला लागला.

खरं सांगते, दोघंही खोटं बोलत नव्हते. म्हणूनच दोघांनाही चाबकानं फोडून काढावंसं वाटत होतं. एक म्हणे मी वाढपी नाही, दुसरा म्हणे मी विकत घेतलेला नाही, आणि मधे माझं पोर उभं, झेंड्याला टेकून.

मग मी आमच्या कळपातला चांगला मेंढा काढला. पाण्यात मीठ घालून शिजवला, दुसरं काही नाही. उजवा खांदा अख्खा काढून स्वच्छ कापडात गुंडाळला आणि उजाडता उजाडता उतारावर गेले.

नदीवर धुकं होतं. पलीकडे तोगानचे घोडे फुरफुरत होते, दिसत नव्हते. अलीकडे माझा भाऊ चिलखत चढवून उभा होता. त्याच्या उजव्या हाताला सिवासचे स्वार. त्यांचे घोडे जागच्या जागी वळवळत होते आणि स्वार वळून वळून मागची वाट बघत होते. वर टेकडीवर सुंगुर आणि त्याचं अख्खं कूळ, भिंतीसारखं उभं.

"हे घे," मी कापड भावाच्या हातात दिलं. "अजून गरम आहे. टेकडीवर जा आणि तुझ्या हातानं दे. वाकू नकोस, माफी मागू नकोस, एक शब्द बोलू नकोस. नुसतं दे."

त्यानं कापड उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसला, लहानपणी हसायचा तसा.

"अक्का, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस."

"ते मला माहीत आहे. जा आता."

"यागमुर," त्यानं हाक मारली, "चल माझ्याबरोबर."

मला वाटलं, बापाला बरं वाटावं म्हणून पोराला नेतोय. मला फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या पाण्याचा मला अजून राग येतो.

टेकडी चढलो. सुंगुर सगळ्यांच्या पुढे होता. माझ्या भावाच्या हातातला खांदा त्यानं लांबूनच पाहिला. म्यानातून सुरी काढली आणि रिकामा हात थोडा पुढे केला. तो हात मी कधी विसरणार नाही. इलाल्मिशचा घोडा त्याच्यासमोर आला. आला आणि थांबला नाही. पुढे गेला, वळला.

"यागमुर, सुंगुरच्या मुला," माझा भाऊ सगळ्या कुळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उजव्या फळीचा वाटा. घे."

यागमुरनं हात पुढं केला नाही.

"मामा, हे..."

"घेतोस की जमिनीवर टाकू?"

कुळाचं हाड बेयच्या हातून मातीत पडलं तर ते कूळच संपलं. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या भावाला सगळ्यात जास्त माहीत होतं. दरबारी रीत शिकलेला माणूस! आमचीच रीत आमच्या नरड्याला लावली त्यानं, आणि ती सुरी त्याला मी नेऊन दिली.

यागमुरनं खांदा हातात घेतला आणि बापाकडे पाहिलं. खाली शिंग वाजलं. धुक्यातून तोगानचे घोडे पाण्यात उतरत होते, आधी डोकी, मग छात्या.

"माझ्याकडे काय बघतोस!" सुंगुर ओरडला. "ते पाण्यात उतरलेत!"

यागमुरनं सुरीनं तुकडा कापला, तोंडात टाकला, खांदा खोगिराला लटकवला आणि घोडा उतारावर सोडला. त्याच्यामागे अख्खं कूळ गेलं. दगड गडगडत खाली जावेत तसे गेले. टेकडीवर आम्ही तिघं उरलो. माझा भाऊ मान न वळवता आपल्या झेंड्याकडे निघून गेला.

सुंगुरच्या हातात सुरी तशीच होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आणलंस ते."

"तुझ्यासाठी आणलं! तुझ्यासाठी!"

तो थुंकला. सुरी म्यानात घातली, खोगिराचा पट्टा आवळला आणि घोड्याला टाच मारली. ज्याच्या बापजाद्यांनी उजवी फळी चालवली तो सुंगुर त्या दिवशी आपल्याच पोराच्या फळीत, सगळ्यात मागच्या रांगेत, धूळ खात लढला. शाहिरांना विचारा, हे गाता का म्हणून.

लढाई आपण जिंकली. तोगान नगारे टाकून पळाला. नदी संध्याकाळपर्यंत तांबडी वाहत होती. यागमुरचा अर्धा कान गेला, बाकी धड परत आला. सुंगुरही परत आला. बापानं मुलाकडे पाहिलं नाही, मुलानं बापाकडे पाहिलं नाही. मी जखम धुतली आणि मनातल्या मनात भावाला अशा शिव्या दिल्या की नमाजाला उभं राहायची लाज वाटली.

किल्ल्यावर विजयाची मेजवानी ठरली. सुंगुरला बोलावणं आलं, पण जागा दाराजवळची. तो गेला नाही. मी गेले, कारण मला माझ्या भावाचं तोंड बघायचं होतं.

तो खुशीत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, हा कारभारी मूर्ख आहे. हाडं बंद करायची नव्हती. आधी हाड त्यांचं असायचं, मी नुसता ठेवायचो. आता बघ. मी ज्याला देईन त्याचं. नाही दिलं तर नाही. त्यांच्या गळ्यात दोर बांधायला मी कोन्याहून माणूस आणला, आणि दोर आपल्या मुदपाकातच होता!"

"लहानपणी तू मला चावायचास," मी म्हटलं. "दात तेच आहेत."

तो हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

थाळ्या आल्या. या वेळी हाडं होती. माझ्या भावानं स्वतःच्या हातानं वाढली. उमूर आजापुढं डावा खांदा ठेवताना तो जरासा थांबला, हाड हवेत धरून, आजा वर बघेपर्यंत. आजानं वर पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. जन्मभर जे मिळत आलं ते मिळेल की नाही असं त्या म्हाताऱ्याला एक क्षण वाटलं, आणि माझ्या भावाला नेमकं तेच हवं होतं. मग तो यागमुरकडे आला आणि उजवा खांदा त्याच्या पुढ्यात ठेवला.

यागमुरनं सुरी काढलेली होती. कानाला पट्टी बांधलेली, त्यामुळे मान जरा वाकडी. त्यानं खांद्याकडे पाहिलं. सुरी फिरवली आणि कोरडीच म्यानात सारली.

"मामा, हे माझ्या बाबांचं आहे."

"मी दिलं ते तुझं आहे. उतारावर घेतलंस तेव्हा नाही आठवले बाबा?"

"उतारावर घेतलं, कारण ते पाण्यात उतरले होते," यागमुर म्हणाला. "आज कोण उतरलंय?"

तो उठून चालायला लागला. उजव्या फळीचे त्याच्यामागे उठले. मग डाव्या बाजूला उमूर आजाची कुरकुर ऐकू आली, "मी मेला एक घास खाऊन बसलो. आता थुंकू की गिळू?" त्यानं तो गिळला, सुरी पुसली आणि गुडघ्यावर हात टेकत उठला. डावी फळीही गेली. एवढ्या मोठ्या दालनात माझा भाऊ, कारभारी आणि सिवासवाले उरले. सिवासवाले निवांत खात होते. त्यांचं काही चुकत नव्हतं बिचाऱ्यांचं, त्यांना भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा घोडेस्वार आमच्या तंबूंकडे दौडत आला. इलाल्मिश. झगा नाही, पागोटं सुटलेलं, खोगिरावर पुढ्यात जिवंत मेंढा आडवा टाकलेला. त्यानं तो मेंढा आमच्या दारात ढकलून दिला.

"कापा तुमचं तुम्हीच!" तो ओरडला. "उजवं, डावं, शिंगं, शेपटी, ज्याला जे हवं ते घ्या! मला नको तुमची बेयगिरी!"

सुंगुर तंबूतून बाहेर आला. "बेयच्या हातचं लागतं ते. कापून दे."

"तुम्ही बेय ठेवलंत कुठं मला? पोरगं भर मेजवानीत उठून जातं!"

"पोराला बापाच्या अंगावर घातलंस तेव्हा?"

"तुम्ही टेकडीवर तमाशा बघत उभे होतात तेव्हा?"

"मामा, बाबांना बोलू नका!" यागमुर मधे पडला.

"तू गप्प बस, अर्ध्या कानाच्या!" दोघंही एकदम ओरडले.

मग तिघंही सुटले. कोणत्या साली कुणी कुणाचा ससाणा उडवला, कुणाचं धनुष्य कुणी मोडलं, कुणाच्या लग्नात कुणाला मागं बसवलं. आजूबाजूच्या तंबूंतून लोक बाहेर आले. मेंढा उठला, अंग झटकून मी वाळत घातलेले दह्याचे गोळे खायला लागला.

तेवढं मला पुरलं. मी तो मेंढा शिंगांनी धरला, बिस्मिल्ला म्हटलं आणि स्वतः कापला. सोलला. हंडा चढवला. ते तिघं भांडतच होते. मटण शिजून वास सुटला तेव्हा कुठं त्यांचे आवाज उतरले. भांडून भूक लागते.

"बसा," मी म्हटलं.

"अक्का, मी..."

"बस म्हटलं ना! आपल्या बापाच्या चुलीची थोरली मी आहे. आज मी वाढणार."

बसले. गोल करून बाकीचं कूळ उभं होतं, उमूर आजाही काठी टेकत आला होता. मी पहिल्यांदा भावासमोर गेले आणि त्याच्या पुढ्यात मेंढ्याची मान ठेवली. "ही तुला. ताठ आहे. चावत बस, चावायची सवय आहेच."

सुंगुरपुढं जीभ ठेवली. "ही तुला. टेकडीवर 'उतरतो' एवढा एक शब्द आधीच म्हणाला असतास तर हे झालं नसतं. तेव्हा जीभ तुझ्याकडे नव्हती."

यागमुरपुढं कान ठेवला. "हा तुला. तुझा कमी पडतोय."

उमूर आजा खो खो हसला आणि खोकायला लागला. ते तिघं हसले नाहीत. तिघांचे डोळे हंड्याकडे लागले होते, कारण उजवा खांदा अजून आत होता.

मी तो बाहेर काढला. वाफाळलेला, अख्खा. तिघांच्या समोर मांडी घालून बसले, कमरेची सुरी काढली, पहिला तुकडा कापला आणि तोंडात टाकला.

यागमुरच आधी बोलला. "आई... म्हणजे मग उजवी फळी..."

"माझी," मी घास चावत म्हटलं. "ज्याच्या पुढ्यात हाड त्याची फळी. कुणाला नाही म्हणायचंय?"

कुणाला म्हणायचं नव्हतं.

"मग माझ्या फळीत पुढं सुंगुर चालेल आणि त्याच्या मागं यागमुर. सुंगुर म्हातारा झाला की यागमुर पुढं, ते बाप ठरवील, मामा नाही. आणि तू, इलाल्मिश, तू बेय आहेस. तटावर पहिला चढ, मुलूख घे, गादीवर बस, मला काही म्हणायचं नाही. पण मेंढ्याला सुरी लावायची नाही. वाढपी व्हायची तुला लाज वाटते ना? नको होऊस. घरातली थोरली बाई कापेल आणि वाढेल, आणि हाड हवेत धरून कुणाला वर बघायला लावणार नाही."

माझा भाऊ मानेचं हाड हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. कोन्याच्या दरबारात असं कुणी बोललं असतं तर त्याचं काय झालं असतं ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण हा दरबार नव्हता. हा आमचा तंबू होता, आणि माझ्या मनगटावर त्याचे दात होते.

त्यानं सुरी काढली. मानेतून एक तुकडा कापला. खाल्ला.

"अक्का," तो घुश्शातच म्हणाला, "मीठ कमी आहे."

"गप्प बस आणि चाव."

सुंगुरनं जीभ कापायला घेतली. यागमुरनं कान. सगळ्यांच्या सुऱ्या ओल्या झाल्या. मी तो खांदा कुणालाही न देता एकटीनं संपवला. हाड चोखून पांढरं केलं आणि कुत्र्याला टाकलं.